आजार वडिलांकडचा, मग मुलीची तपासणी कशाला?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई देवगडच्या बाजूच्या, वय ४८. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मुंबईत नोकरीला असलेल्या धाकट्या भावाला ४३व्या वर्षी स्टेंट बसवावा लागला. मध्यंतरी गावात आरोग्य शिबिर झालं, त्यात ताईंचा रिपोर्ट आला तो असा: एकूण कोलेस्टेरॉल ३०५, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) २१७, एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते) ६२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) १३०. शिबिरातले डॉक्टर म्हणाले, एचडीएल चांगलं आहे, पाळी जायचं वय आहे, एवढं चालायचंच. खोबरं आणि कोळंबी कमी करा. आईचं म्हणणं, "ह्यो रोग आमच्या पुरुषांचो. बायलमाणसाक काय होणा नाय. तू झिलाक तपासून घे." मुलगा १७ वर्षांचा, बारावीत, त्याच्या ताटातली कोळंबी बंद झाली आहे. मुलगी २३ वर्षांची. तिचं ताईंच्या दिवंगत आत्याच्या नातवाशी जमत आलं आहे. ताई विचारतात: फक्त मुलाची तपासणी केली तर चालेल का? मुलीची केली आणि काही निघालं, तर जमलेलं मोडेल अशी भीती आहे. भावाच्या रिपोर्टात एलडीएल ७८ आणि ट्रायग्लिसराइड्स ३४०, म्हणजे त्याचा आजार वेगळा का? आणि मोबाइलवर जाहिरात येते ती जनुकीय चाचणी करून घेतली, तर एकदाच काय तो उलगडा होईल का?

ताई,

आत्या कशी गेली ते तुम्ही पत्रात तीन ओळींत लिहिलं आहे. पहाटे उठली, पाठ आणि जबडा दुखतो म्हणाली, घामाने भिजली, घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला, सोडा आणायला पोरगा धावला आणि तो परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय ६३. आणि लगेच पुढच्या परिच्छेदात आईचं म्हणणं येतं की आपल्यात बायकांना हा त्रास नाही. ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचा बरं.

आत्या कशाने गेली हे इथे बसून मला ठरवता येणार नाही. पण जबडा, पाठ, घाम, धाप, मळमळ ही हार्ट अटॅकचीच लक्षणं असतात, आणि बायकांमध्ये छातीच्या दुखण्यासोबत ती जास्त वेळा दिसतात. आपल्याकडे ती सगळी 'गॅस' या एका शब्दात जमा होतात. तेव्हा आत्याचं नाव निदान 'हृदयविकार नव्हता' या यादीत तरी घालू नका. घराण्यात कुणाला काय झालं याची यादी आपण आठवणीतून करतो, आणि आठवणीत राहतं ते अकाली मरण. एकावन्नाव्या वर्षी कर्ता पुरुष गेला, घर उघड्यावर पडलं, हे अख्ख्या वाडीला आठवतं. त्रेसष्टाव्या वर्षी आत्या गेली, तर 'वय झालं होतं' म्हणून विषय संपतो.

तुमचे आकडे आणि वडील-भावाची वयं एकत्र पाहिली की एका आजाराची शंका घेणं भाग आहे. त्याचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. डॉक्टर मंडळी त्याला एफएच म्हणतात. जगभरात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला तो असतो, म्हणजे तुमच्या पंचक्रोशीत काही घरं निघतीलच. मोठ्या माणसाचं एलडीएल औषधाशिवाय १९०च्या वर आणि जवळच्या नात्यात पंचावन्नच्या आत पुरुषाला हृदयविकार, ही त्याची ठळक खूण. तुमच्याकडे दोन्ही आहेत. निदान तुमच्या डॉक्टरांनी करायचं आहे, पण शंका घेण्यात उशीर नको.

औषध न घेणाऱ्या एफएचच्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयाचा त्रास होतो. बायकांमध्ये साठीपर्यंत साधारण तिघींत एकीला. हे आकडे तुमच्या आईला वाचून दाखवा, कारण तिचा अनुभव खोटा नाही, तिने फक्त तो अर्ध्यावर सोडला आहे. बायका सुटत नाहीत, त्यांच्यापर्यंत तो दहा-पंधरा वर्षं उशिरा पोचतो.

आता 'पुरुषांचा रोग' या समजाकडे वळू. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते यकृताने परत उचलून घ्यायचे असतात आणि त्यासाठी यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. बंदरावर होड्या लागल्या आहेत आणि माल उतरवायला निम्मेच गडी कामावर आहेत, अशी अवस्था एफएचमध्ये रक्ताची होते. कण दिवसेंदिवस फिरत राहतात आणि धमन्यांच्या अस्तरात शिरतात. हे रिसेप्टर कसं काम करतात हे शोधून काढल्याबद्दल मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. रिसेप्टरचं जनुक आहे १९व्या गुणसूत्रावर. याच आजाराशी संबंधित आणखी दोन महत्त्वाची जनुकं, अपो-बी आणि पीसीएसके-९, अनुक्रमे दुसऱ्या आणि पहिल्या गुणसूत्रावर. मुलगा की मुलगी हे ठरवणाऱ्या एक्स आणि वाय गुणसूत्रांवर यातलं एकही नाही. वडिलांकडून बदललेली प्रत मिळण्याची शक्यता तुम्हाला निम्मी होती आणि भावालाही निम्मीच. आता तुमच्यात ती असेल, तर तुमच्या मुलीलाही निम्मी आणि मुलालाही निम्मी. घराचे वाटे घालताना आपण मुलगा-मुलगी बघतो, जनुकं बघत नाहीत.

पण तुम्ही असं विचारू शकता, आणि विचारायला हवं, की मग बायकांचे रिपोर्ट पुरुषांपेक्षा वेगळे का येतात? येतात खरे. वारसा सारखा असला तरी तो ज्या शरीरात राहतो ते शरीर वेगळं असतं. इस्ट्रोजेनमुळे यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर वाढतात, म्हणून पाळी चालू असेपर्यंत बाईला थोडं संरक्षण मिळतं. तिचं एचडीएलही पुरुषापेक्षा जास्त असतं. म्हणून तर 'कमी' म्हणायची रेषा पुरुषाला ४० आणि बाईला ५० अशी वेगळी आखली आहे. पाळी थांबते त्या वर्षाच्या आगेमागे एलडीएल बऱ्यापैकी चढतं, साधारण दहा-पंधरा टक्के.

काही जनुकांमध्ये हा फरक फारच उघड दिसतो. अपो-ई नावाच्या जनुकाचे तीन प्रकार लोकांमध्ये आढळतात, ई-२, ई-३ आणि ई-४. ई-४ने एलडीएल थोडं वर जातं, ई-२ने खाली येतं. पण दोन्ही प्रती ई-२ असलेल्या काही थोड्या लोकांत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही एकदम चढतात. हा आजार पुरुषांत ऐन तारुण्यातही दिसू शकतो, आणि बायकांत सहसा पाळी गेल्यावरच. जनुक जन्मापासून तेच. पण एकाच्या रिपोर्टात तिशीत दिसलं आणि दुसरीच्या पन्नाशीनंतर.

केएलएफ-१४ नावाचं एक जनुक तर आईच्या समजाच्या नेमकं उलट वागतं. त्याची आईकडून आलेली प्रतच काम करते, वडिलांकडची गप्प असते. त्यातल्या एका फरकामुळे बायकांमध्ये चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाकडे साठते, एचडीएल उतरतं, मधुमेहाचा धोका वाढतो. पुरुषांमध्ये त्याच फरकाचा परिणाम जेमतेम दिसतो. म्हणजे आईकडून येणारं आणि लेकीत दिसणारंही काही असतं. अर्थात अशी उदाहरणं मोजकी आहेत, त्यांच्यावर फार मोठा इमला रचू नये. २०२१ मध्ये सोळा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची छाननी प्रसिद्ध झाली, त्यात रक्तातल्या चरबीशी संबंधित शेकडो जागा सापडल्या. अशा बहुतेक जागांचा परिणाम बाईत आणि पुरुषात एकाच दिशेचा असतो. थोडं कमी, थोडं जास्त, एवढाच फरक.

आता तुमचा रिपोर्ट. 'पाळी जायचं वय आहे' हे खरं, पण त्याने २१७चा हिशेब लागत नाही. समजा पाळीच्या बदलाने पूर्ण पंधरा टक्के वाढ केली, तरी आधीचा आकडा १९०च्या घरात येतो. तोही कमी नव्हे. घरात कपाटाच्या खणात, रेशनकार्डाच्या पिशवीत कुठे चाळिशीतला किंवा त्याआधीचा लिपिडचा (रक्तातल्या चरबीचा) रिपोर्ट असेल तर शोधा. तो आज सोन्यासारखा आहे. फक्त गरोदरपणातला असेल तर बाजूला ठेवा, त्या काळात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स सगळ्याच बायकांचे वाढतात.

'एचडीएल चांगलं आहे' याचाही फार आधार घेऊ नका. ६२ बघून २१७ माफ होत नाही. २०१२ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता: एका जनुकातल्या फरकामुळे ज्यांचं एचडीएल जन्मभर जास्त असतं, त्यांना हार्ट अटॅक कमी येतात का, हे त्यात पाहिलं. कमी आले नाहीत. बायकांचं एचडीएल मुळात जास्त असल्यामुळे या 'चांगल्या' आकड्याने सर्वांत जास्त फसवणूक होते ती बायकांचीच, असं माझं स्पष्ट मत आहे. एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल, गुणोत्तर बरं, जा घरी, असं ऐकून परत आलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

जनुकाला दोष देण्याआधी मात्र एक गोष्ट करून घ्या: थायरॉइडची टीएसएच तपासणी. थायरॉइड मंदावला की एलडीएल चांगलंच चढतं, आणि हा त्रास बायकांत जास्त. सोबत साखर, लिव्हर आणि किडनीचीही साधी तपासणी होऊन जाऊ दे. डॉक्टरांना घोट्यामागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा) बघायला सांगा, ती जाड किंवा गाठाळ झाली आहे का. पापण्यांवर पिवळसर चकते आहेत का तेही. घोट्यामागच्या गाठी दिसल्या तर एफएचची शंका फार बळावते. नसल्या म्हणून मात्र तो नाही असं होत नाही.

भावाच्या रिपोर्टचं कोडं सोपं आहे. स्टेंट पडल्यापासून तो स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेतोय. ७८ हा आकडा गोळीचा आहे, त्याचा स्वतःचा नव्हे. त्याचं स्वतःचं एलडीएल किती, हे गोळ्या सुरू होण्याआधीच्या रिपोर्टात असणार. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये अॅडमिट झाल्या दिवशीचा कागद असतो, तो काढायला सांगा. तोही दोनशेच्या आसपास निघाला तर तुमचा आणि त्याचा आजार एकच, असं धरायला हरकत नाही. शिवाय स्टेंट पडलेल्या माणसाचं एलडीएल ५५च्या खाली हवं, असं कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे ७८ बघून त्याने निवांत बसू नये, डॉक्टरांना विचारावं. ट्रायग्लिसराइड्सचं ३४० हे वेगळं प्रकरण. त्यालाही जनुकांचा हातभार असतो, पण त्यावर पोटाचा घेर, साखर, भात आणि बाटली यांचा परिणाम फार भराभर होतो. पुरुषांमध्ये ऐन उमेदीच्या वयात ते बायकांपेक्षा जास्त असतात. तो किती पितो हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. त्याच्या डॉक्टरांनी मात्र विचारावं.

तुम्ही आणि भाऊ, दोघांनी आणखी एक तपासणी आयुष्यात एकदाच करून घ्या: लायपोप्रोटीन लिटल ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, लॅबमध्ये वेगळी मागावी लागते. काउंटरवरच्या मुलाला कळलं नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. हा आकडा जवळजवळ पूर्ण वारशाने ठरतो, जेवणाखाणाने फारसा हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर गेला तर धोका वाढतो, आणि भारतात साधारण चौघांत एकाचा तो वर असतो.

मुलांकडे येते. दोघांचीही तपासणी करा, याच महिन्यात, एकाच दिवशी. साधं लिपिड प्रोफाइल. उपाशीपोटी जायलाच हवं असं आता राहिलेलं नाही. ट्रायग्लिसराइड्स खूप जास्त निघाले तर उपाशीपोटी पुन्हा करता येतं. मुलाबाबत एक सांगून ठेवते: वयात येण्याच्या काळात कोलेस्टेरॉल थोडं खाली उतरतं, म्हणून त्याचा आकडा आज जेमतेम बरा आला तरी दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघा. आजी 'झिलाक (मुलाला) तपासून घे' म्हणते ते बरोबरच आहे. तिचं चुकतं ते नात वगळण्यात.

मुलीच्या बाबतीत तुमची भीती मला कळते. आपल्याकडे मुलीच्या नावावर कुठल्याही आजाराचा शिक्का नको, ही धास्ती आईच्या पोटात किती खोल असते हे मला सांगायला नको. पण ती तेवीस वर्षांची आहे. रक्त तिचं, रिपोर्ट तिचा, आणि तो पहिल्यांदा तिच्या हातात जायला हवा. आजीच्या नाही, मामाच्या नाही, मधल्या माणसाच्या तर नाहीच. तिला न सांगता 'अशक्तपणा बघायला' म्हणून रक्त काढून घेणं हा पर्याय तुमच्या मनात आला असेल तर तो सोडून द्या. तिला बसवून आजोबांचं, मामाचं, तुमच्या आकड्याचं सगळं सांगा. आजकालच्या मुली आपल्यापेक्षा जास्त धीराच्या असतात.

तपासणी लग्नानंतर करू, असाही एक मार्ग दिसतो. त्यात तोटा असा की लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत मूल होण्याचा विषय येतो. स्टॅटिनच्या गोळ्या गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना सहसा थांबवतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच बंद करतात. एफएच असलेल्या बायकांना मुलं होतात, आणि धडधाकट होतात. फक्त एकेका बाळंतपणात औषधाविना जाणारी दोन-तीन वर्षं मोजली, तर पुरुषापेक्षा बाईचा औषधाचा काळ कितीतरी कमी पडतो. म्हणून तिला आधी कळणं जास्त गरजेचं. मधली मोकळी वर्षं तिला वापरता येतात.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नांत नाहीच. मुलीचं ज्याच्याशी जमतंय तो मुलगा आत्याचा नातू आहे. आत्या तुमच्या वडिलांची सख्खी बहीण. वडिलांमध्ये हा दोष असेल तर तो त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, म्हणजे आत्यात असण्याची शक्यता निम्मी. आत्यात असेल तर तिच्या मुलात निम्मी, नातवात चौथाई. हे सगळं 'जर' आणि 'तर'वर उभं आहे हे विसरू नका. पण समजा तुमच्या मुलीतही आहे आणि त्या मुलातही आहे, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांचं एलडीएल चारशे-पाचशेच्या वर जातं, लहानपणीच कातडीवर, सांध्यांजवळ गाठी येतात आणि विशीच्या आत हृदयाचा त्रास सुरू होऊ शकतो. एरवी हा प्रकार अडीच-तीन लाखांत एखादा, पण नात्यात लग्नं होतात तिथे तो वाढतो.

मी लग्न मोडा म्हणत नाही. आते-मामे नात्यातली लग्नं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या होत आली आहेत, आणि इथे तर एक पिढी मध्ये गेली आहे. मी एवढंच म्हणते की त्या मुलाचंही लिपिड प्रोफाइल व्हायला हवं. मुलीचा दोष निघेल म्हणून तुम्ही घाबरलात. त्या घरात आत्या तशी गेली, तरी तिथल्या कुणी मुलाचा रिपोर्ट विचारला का? दोघांपैकी एकाचं जरी एलडीएल नॉर्मल निघालं, तर ही खास काळजी जवळपास संपली. दोघांचंही चढं निघालं तर जनुकीय सल्लागाराकडे जाऊन मग दोघांनी ठरवावं. बोलायचं कसं, म्हणाल तर तुम्ही नका बोलू. मुलीला त्या मुलाशी बोलू द्या. लग्नाआधी पत्रिका बघतात, रक्तगट विचारतात, त्यात हा एक कागद. आणि ज्या घरात हा कागद मागितल्याने बोलणी फिसकटतात, तिथे पुढे मुलीने गोळी घेतलेली तरी कशी चालणार?

जाहिरातीतली चाचणी आत्ता घेऊ नका. असल्या बऱ्याच चाचण्या लोकांमध्ये नेहमी आढळणारे छोटे फरक बघतात आणि त्यावरून गुण देतात. एफएच ज्या दुर्मीळ बिघाडांनी होतो ते त्यांतून निसटू शकतात. आणि त्या गुणांचा हिशेब मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेला असल्याने आपल्याला तो तितका नीट लागू पडत नाही. खरी चाचणी करायचीच तर ती हृदयरोगतज्ज्ञ किंवा जनुकतज्ज्ञाच्या चिठ्ठीने, रिसेप्टर, अपो-बी आणि पीसीएसके-९ ही जनुकं पूर्ण वाचणारी. ती आधी तुमची किंवा भावाची करायची. तुमच्यात नेमका बिघाड सापडला, तर बाकीच्यांमध्ये तेवढी एकच जागा बघावी लागते, खर्चही कमी. आणि एक लक्षात असू द्या: लक्षणं स्पष्ट असलेल्या लोकांमध्येही काही वेळा काहीच सापडत नाही, किंवा 'अर्थ निश्चित नाही' असा शेरा येतो. तसं झालं म्हणून २१७चे १०० होत नाहीत. उपचार आकड्यावर ठरतात.

खोबऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावरून घराघरात भांडणं आहेत. नारळात कोलेस्टेरॉल नसतं, हे खरं. पण खोबरेल तेलातली बहुतेक चरबी संपृक्त असते आणि तिने एलडीएल चढतं, हेही खरं. फोडणीला खोबरेल असेल तर बदला, रोजचं वाटप निम्म्यावर आणा, सोलकढीची वाटी मोठी असेल तर छोटी करा. कोळंबीत कोलेस्टेरॉल आहे, संपृक्त चरबी अगदी थोडी. कालवणातली कोळंबी पोराला आठवड्यातून एकदा द्यायला हरकत नाही, रवा लावून तेलात परतलेली नको. बांगडा, तारली तर खाच. आणि पथ्य असेल तर सगळ्या घराला, एकट्या मुलाच्या ताटाला नाही. आहाराने एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं. २१७चे १९० झाले तरी तुम्ही होतात तिथेच आहात.

त्यामुळे तुम्हाला गोळी लागेल, असा माझा अंदाज आहे. योग्य डोसची स्टॅटिन एलडीएल निम्म्यावर आणते. कमी पडलं तर एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतात. बायकांना स्टॅटिनचा उपयोग कमी होतो, अशी समजूत डॉक्टरांमध्येही होती. २०१५ मध्ये २७ चाचण्यांमधल्या पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा सारखा धोका असलेल्या बाई-पुरुषांना फायदाही सारखाच झाल्याचं दिसलं. गोळी जन औषधी केंद्रात स्वस्तात मिळते. सुरू केल्यावर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून डोस ठरतो. तुमच्यासारखीला एलडीएल ७०च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. अंग दुखलं तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसरी स्टॅटिन किंवा कमी डोस चालून जातो. शिबिरातला कागद घेऊन ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे जा आणि वडील-भावाची वयं पहिल्या वाक्यात सांगा. तुमच्यात एफएच ठरला तर आत्याच्या बाकीच्या मुलांनाही कळवा. आणि तुम्हाला कधी तसं जबडा, पाठ, घाम सुरू झालं, तर ओवा नको, १०८ लावा.

एक राहिलं. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, भावाला दोन मुलीच आहेत, थोरली बारा वर्षांची आणि धाकटी नऊची, त्यामुळे तिकडे तेवढी काळजी नाही. अशा घरातल्या मुलांचं कोलेस्टेरॉल साधारण दहाव्या वर्षापर्यंत बघावं, असं सांगितलं जातं, म्हणजे धाकटीचं वय नेमकं तेच आहे आणि थोरलीला थोडा उशीरच झाला आहे. गरज पडली तर या वयात औषधही सुरू करता येतं. गणपतीला ते गावी येईपर्यंत थांबू नका. मुंबईत बिल्डिंगखाली लॅब असते. भावाला आज संध्याकाळी फोन करा आणि दोघींचं सांगा.